डब्यावरचा आकडा आणि डब्यातली भुकटी

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सडकांवर पहाटे धावणारी मुले दिसू लागतात. ही मोठी चांगली गोष्ट आहे. परंतु अलीकडे यांपैकी काहींच्या घरी फळीवर एक मोठा डबाही दिसतो. त्यात प्रथिनांची भुकटी असते, आणि बापाची कितीतरी दिवसांची मजुरी त्या एका डब्यात गेलेली असते. डब्यावर छापलेले असते : एका चमच्यात प्रथिने इतकी, कॅल्शियम इतके, लोह इतके, जस्त इतके. हे आकडे खरे आहेत की नाहीत, ते कसं ठरवतात? आज त्याविषयीच थोडे बोलू.

लोणारच्या सरोवरात क्षार आहेत हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही; काठावर वाळलेला पांढरा थरच ते सांगतो. भुकटीचे तसे नाही. तिच्यातले खनिज डोळ्यांना दिसत नाही आणि साखर व सुगंध घातल्यावर जिभेलाही कळत नाही. ते मोजावेच लागते.

मोजायचे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला शेगाव तालुक्याने उत्तर दिले आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांतच टक्कल पडे. बाधितांची संख्या अडीचशेच्या वर गेली. प्रथम पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांचे रक्त, लघवी व केस यांची तपासणी करविली आणि त्यांत सेलेनियम नावाचे खनिज फार वाढलेले व जस्त घटलेले असल्याचे मांडले. रेशनच्या गव्हाकडे त्यांनी बोट दाखवले. संशय तर कशाचाही घेता येतो, पण नेमके बोट ठेवायला मोजमापच लागते.

आता गंमत पाहा. सेलेनियम हे विष आहे असे म्हणावे, तर ते शरीराला हवेही असते, मात्र किती? भारतीय प्रौढाला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले ४० भाग! हात जरा सैल सुटला की अमृताचे विष होते. २००८ साली अमेरिकेत हेच घडले. ताकदीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका पातळ पूरक आहारात सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम असल्याचे बाटलीवर लिहिले होते. तपासणीत ते त्याच्या सुमारे दोनशे पट निघाले. दहा राज्यांतल्या २०१ लोकांना बाधा झाली. त्यांचेही केस गळले, नखे बिघडली. बाटलीवरचा आकडा अगदी व्यवस्थित छापलेला होता, बरं का!

मग मोजतात कसे? पहिली पायरी नमुन्याची. खामगावच्या बाजारात पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून कोणी भाव करीत नाही. आतले दाणेही काढून पाहतात. भुकटीतही जड कण तळाशी बसतात, म्हणून डबा नीट ढवळून वरचा, मधला, खालचा असा नमुना घेतात.

दुसरी पायरी प्रथिने घालवण्याची. चुलीत लाकूड जळते आणि राख उरते; ती राख म्हणजेच लाकडातली खनिजे. भुकटीही भट्टीत सुमारे ५५० अंशांवर जाळून राख करतात व तोलतात. यावरून एकूण खनिज कळते. पण सेलेनियम आणि पारा उष्णतेने उडून जातात. म्हणून त्यांच्यासाठी नमुना बंद भांड्यात नत्राम्लाबरोबर तापवून विरघळवतात.

तिसरी पायरी ओळखण्याची. शिक्षकबंधूंनी हे वर्गात जरूर दाखवावे : ज्योतीत चिमूटभर मीठ धरले की ज्योत पिवळी होते. ती सोडियमची खूण. प्रत्येक धातूचे अणू आपापल्याच विशिष्ट रंगाचा प्रकाश सोडतात आणि तोच शोषतात. जितके अणू अधिक, तितका प्रकाश अधिक शोषला जातो. या तत्त्वावरची मापनपद्धती ॲलन वॉल्श या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात १९५५ साली मांडली. आजची यंत्रे आर्गॉन वायू हजारो अंश तापवून त्यात अणू विद्युत्भारित करतात आणि त्यांच्या वस्तुमानावरून त्यांची गणती करतात.

तरीही यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. दुकानदाराचा काटा जसा प्रमाणित वजन ठेवून पारखतात, तसा आधीच माहीत असलेला नमुना यंत्राला देऊन पाहतात. यंत्राने तो बरोबर सांगितला, तरच पुढचे उत्तर ग्राह्य.

आपल्या देशात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रथिनांच्या ३६ पूरकांपैकी सुमारे ७० टक्के पूरकांवरची प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला. दीर्घकाळ अति प्रथिने घेतल्याने हाडांतली खनिजे घटण्याचा व मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका तिने सांगितला.

तेव्हा पालकांनो, शिक्षकांनो, मुलांना रागावू नका. त्यांना विचारायला शिकवा. डब्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे काय? दुकानदार पक्की पावती देतो काय? २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. वस्तू सदोष ठरली तर शुल्क परत मिळते.

आणि भाकरी, तुरीचे वरण, मूठभर फुटाणे, शेंगदाणे, झेपेल तर दूध-अंडी, हे आपल्या घरचे आहेच. फुटाण्यांत शंभराला वीसच्या आसपास प्रथिने असतात. धावणाऱ्या पोराला आधी हे पोटभर मिळू द्या. डबा आणायचाच असेल, तर तो डॉक्टरांना विचारून आणि पावती घेऊन आणा. वरच्या आकड्याला मान द्यायचा तो तो मोजलेला असेल तरच. छापलेला आहे एवढ्यावरून नव्हे.