पुस्तक आणण्याआधी

मागच्या वर्षी आमच्या गटाच्या सभेत चांगलंच वाजलं. गैरहजेरीच्या दंडाचे बाराशे रुपये साचले होते, त्यांची आम्ही पुस्तकं मागवली. मोबाईलवर वाचलं होतं, 'प्रत्येक स्त्रीने वाचलंच पाहिजे'. आली पाच पुस्तकं. चकचकीत कव्हर, आणि आत पहाटे पाचला उठा, हसतमुख राहा, असले उपदेश. आमच्या एक काकू म्हणाल्या, "पाचला उठा सांगायला बाराशे रुपये? मी चारला उठते!" हसलो सगळ्या, पण पैसा घामाचा होता. 'पुस्तकांवर पुन्हा खर्च नको' असा ठराव होता होता राहिला.

चूक आमचीच. आम्ही वाचलं ते परीक्षण नव्हतंच, ती विकणाऱ्याची जाहिरात होती. खरं परीक्षण लिहिणारा पुस्तकात काय आहे, भाषा सोपी की जड, ते सांगतो आणि कुठे कमी पडलं तेही सांगतो. नुसतं गोडगोड असलं की आम्ही आता पान उलटतो. रविवारच्या पेपरच्या पुरवणीत परीक्षणं येतात. 'ललित' मासिक तर १९६४ पासून पुस्तकांविषयीच निघतंय. तालुक्याच्या वाचनालयात बसून चाळायला पैसे पडत नाहीत.

ज्यांना भरभर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पॉडकास्ट बरा. शेंगा फोडायला बसलो की एकीचा मोबाईल मधे ठेवतो. लेखिका स्वतः एखादं पान वाचून दाखवते, तेव्हा तिची भाषा आपल्याला झेपेल का, हे कानालाच कळतं. प्रकाशकांची वार्तापत्रंही मोबाईलवर येतात. ती आम्ही फक्त नावांसाठी बघतो. नाव वहीत उतरवायचं, पैशाला हात लावायचा नाही.

अशाच एका परीक्षणातून बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' कळलं. फलटण भागातल्या या बाईंनी छोटं दुकान चालवता चालवता आपल्या समाजाचं जगणं लिहून काढलं, आणि घरच्यांना कळू नये म्हणून ते कागद वर्षानुवर्षं लपवून ठेवले. पुस्तक आलं १९८६ मध्ये. आमच्या गिरणीवाल्या ताई एवढंच म्हणाल्या, "कुठं लपवलं असतील हो?"

पुस्तक वाचनालयातून आणलं, विकत नाही. दर सभेला चार पानं मोठ्यानं वाचायची ठरलं. परीक्षणात आधीच लिहिलं होतं की हे पुस्तक कुणालाच सोडत नाही, गावातल्या वरच्या जातींना नाही आणि स्वतःच्या घरातल्या पुरुषांनाही नाही. तरी महारवाड्यातल्या सुनांचे हाल वाचताना सभा गप्प झाली. आमच्या गटात दोन्ही आळींच्या बाया आहेत. एक म्हणाली, "जुनं कशाला उकरायचं?" दुसरी म्हणाली, "माझ्या आजीचं जुनं आहे ते. वाचा पुढं." त्या दिवशी चहा न घेताच उठलो. पुढच्या सभेला कोण येतंय, ही आम्हाला धाकधूक होती. सगळ्या आल्या. उकरायचं कशाला म्हणणारी थोडी उशिरा आली, पण आली, आणि मागचं पान कुठे राहिलं ते तिनंच सांगितलं.

आता पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली आहे. गिरणीवाल्या ताई म्हणतात, "वाचनालयाचा दंड मी भरते, अजून आठ दिवस माझ्याकडं राहू द्या."