धुराड्यावरचा मीटर



पोलादपूर तालुक्यातलं कुडपण हे गाव सह्याद्रीच्या माथ्याजवळ, सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दीला लागून वसलेलं आहे. भीमाची काठी नावाचा तिथला सुळका आणि पावसाळ्यातले धबधबे पाहायला लांबून माणसं येतात. कुडपणच्या आसपास कोळशाचं एकही वीज केंद्र नाही. तरीही वीज केंद्रांच्या धुराविषयी बोलताना मी सुरुवात कुडपणपासूनच करतो आहे, कारण संध्याकाळी दिवे तिथेही लागतात.

डोंगराच्या पलीकडे कोयनेचं खोरं आहे. त्या खोऱ्यातलं पाणी कोकणाच्या बाजूला उतरवून चार टप्प्यांत मिळून 1960 मेगावॉट क्षमतेची वीजनिर्मिती उभी राहिली. त्यामुळे आपली वीज पाण्याची, असं या भागात अनेकांना वाटतं. पण तारांच्या जाळ्यात सगळ्या केंद्रांची वीज एक होते, आणि महाराष्ट्राच्या विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशाचा आहे. चंद्रपूरचं एकच केंद्र 2920 मेगावॉटचं. शिवाय कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, एकलहरे. दिवा आपल्या घरात लागतो आणि त्याची राख चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर, ऊर्जानगरच्या अंगणात पडते. म्हणून हा विषय आपलाही आहे असं मी मानतो.

धुराड्यातून काय बाहेर पडतं? राखेचे बारीक कण, गंधकाचा वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि थोडा पारा. राख धरायला ईएसपी नावाची यंत्रणा असते. विजेच्या भाराने ती कण ओढून घेते. ती नीट चालली तर बहुतेक राख धुराड्यापर्यंत पोचतच नाही. गंधकाचा वायू मात्र डोळ्यांना दिसत नाही. हवेत त्याचेच पुढे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, असं नेहमी सांगितलं जातं आणि ते खरं आहे. पण हिशेब करून पाहा. हजार मेगावॉटचं केंद्र वर्षभर पूर्ण भाराजवळ चाललं तर अंदाजे 50 लाख टन कोळसा जळतो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे 25 हजार टन गंधक. त्यातलं थोडं राखेत राहतं, बाकीचं जळून वजनाने दुप्पट वायू होतो. म्हणजे एका केंद्रातून वर्षाला 50 हजार टनांच्या जवळपास.

हा वायू धुऊन काढायची यंत्रणा आहे, तिला एफजीडी म्हणतात. महाराष्ट्रात ती बसवून घेण्याची एक लढाई लढली गेली, ती डहाणूची. चिकूच्या बागांचा हा तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि तिथेच 500 मेगावॉटचं कोळशाचं केंद्र उभं राहिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1996 च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. प्राधिकरणाने 1999 मध्ये एफजीडी बसवायचा आदेश दिला. समुद्राच्या पाण्यावर चालणारी ती यंत्रणा प्रत्यक्षात सुरू झाली 2007 मध्ये. एका केंद्रासाठी, एवढं खंबीर प्राधिकरण पाठीशी असताना, आठ वर्षं गेली.

बाकीच्या देशाचं काय झालं तेही ऐका. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या केंद्रांसाठी गंधकाच्या वायूसह सगळ्या धुराची नवी मानकं काढली. दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत पुढे गेली, पुन्हा गेली, आणि जुलै 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रांना एफजीडीच्या सक्तीतून सूटच मिळाली. मोठ्या शहरांजवळच्या केंद्रांवर ती कायम राहिली, अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक करून घ्यायचं ठरलं. सरकारची बाजू अशी, की आपला कोळसा कमी गंधकाचा आहे आणि यंत्रणेचा खर्च शेवटी वीजबिलात येतो. या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण दहा वर्षं एक नियम कागदावर ठेवून मग तो सैल करणं हा प्रदूषण आवरायचा मार्ग नव्हे.

दुसरा मार्ग आहे. त्याला उत्सर्जन व्यापार म्हणतात. प्रदूषणाचा व्यापार हे शब्द पहिल्यांदा ऐकताना कानाला खटकतात, म्हणून तो कसा चालतो ते जरा सावकाश सांगतो. सरकार आधी ठरवतं, की या सगळ्या केंद्रांनी मिळून वर्षात एवढेच टन सोडायचे, त्याहून एक टनही जास्त नाही. तेवढ्या टनांचे परवाने काढले जातात आणि केंद्रांमध्ये वाटले किंवा लिलावात विकले जातात. आता समजा एका नव्या केंद्राला एक टन कमी करायला 20 हजार रुपये लागतात आणि एका जुन्या केंद्राला 60 हजार. नवं केंद्र आपल्या वाट्याहून जास्त कपात करतं आणि उरलेले परवाने जुन्याला विकतं. दोघांचाही फायदा होतो, आणि एकूण धूर मर्यादेच्या आतच राहतो. पुढे दरवर्षी ती मर्यादा खाली आणत जायची.

अमेरिकेत 1990 च्या कायद्याने हे सुरू झालं. पहिल्या टप्प्यात, 1995 पासून, सर्वांत जास्त धूर सोडणारी 110 केंद्रं घेतली. त्या देशाच्या वीज केंद्रांमधून 1990 साली दीड कोटी टनांहून जास्त सल्फर डायऑक्साइड निघत होता. 2010 पर्यंत तो साधारण एक तृतीयांशावर आला. याचं सगळं श्रेय बाजाराला देता येत नाही. वायोमिंगचा कमी गंधकाचा कोळसा रेल्वेने स्वस्तात मिळू लागला होता आणि नंतरचे नियमही कडक होते. पण आधी भीती घातली गेली होती त्याहून खर्च पुष्कळ कमी आला, हे नक्की. आणि त्याचा पाया होता मोजणी. प्रत्येक मोठ्या धुराड्यात यंत्र, दर तासाचा आकडा, तो सर्वांना खुला. यंत्र बंद पडलं तर केंद्राला सूट नाही. त्या वेळेपुरता जास्तीचा आकडा धरायचा, म्हणजे यंत्र बंद ठेवण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. परवान्याहून जास्त निघालेल्या प्रत्येक टनाला 2000 डॉलर दंड, तोही महागाईप्रमाणे वाढणारा, आणि तेवढे परवाने पुढच्या वर्षातून वजा.

हे परदेशात ठीक आहे, आपल्याकडे कसं जमेल, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर सुरतेने दिलं आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, तीच सुरत. तिथल्या कापड प्रक्रियेच्या कारखान्यांचे बॉयलर कोळशावर आणि लिग्नाइटवर चालतात. 2019 मध्ये गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथे धुरातल्या कणांचा बाजार सुरू केला. कणांसाठीचा असा बाजार जगात पहिलाच. सुमारे सव्वातीनशे कारखाने निवडले, त्या सर्वांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतल्या निम्म्यांना बाजारात आणलं. उरलेल्या निम्म्यांना जुनेच नियम. परवान्याचा भाव किलोला 5 ते 100 रुपयांच्या दरम्यान ठेवला. प्रत्येकाकडून अनामत आधीच घेऊन ठेवली. परवान्याहून जास्त धूर सोडला की ती कापली जायची.

निकाल काय लागला? बाजारातल्या कारखान्यांचा धूर दुसऱ्या गटापेक्षा 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाला, आणि प्रदूषण आवरायचा खर्चही घटला. जवळजवळ सगळ्यांनी पुरेसे परवाने घेतले. या प्रयोगातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. यंत्रं दोन्ही गटांकडे होती. तरी फरक पडला तो एकाच गटात, जिथे यंत्राचा आकडा पैशाला जोडला होता. नुसतं यंत्र बसवून हवा सुधारत नाही. आपल्या देशात 2014 पासून मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना अशी यंत्रं बसवायला सांगितलेली आहेत आणि त्यांचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या संगणकांपर्यंत जातात. आकडा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी काय होतं, हा खरा प्रश्न आहे.

आणि आकडा खरा असतो का, हा त्याहून आधीचा. गुजरातमध्येच 2009 ते 2011 या काळात आणखी एक अभ्यास झाला होता. पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो त्या संशोधकांमध्ये होत्या. तिथे कारखान्याची तपासणी करणारा लेखापरीक्षक कारखानाच निवडायचा आणि पैसेही कारखानाच द्यायचा. अशा परीक्षकांच्या अहवालांत धुरातल्या कणांची मर्यादा मोडणारे कारखाने फक्त 7 टक्के निघाले. तीच धुराडी दुसऱ्यांकडून मोजून घेतली तेव्हा ते 59 टक्के होते. घरचा वीजमीटर आपणच वाचायचा आणि आपणच बिल लिहायचं, असा हा प्रकार झाला. मग परीक्षक चिठ्ठीने नेमले, त्यांचे पैसे एका सामायिक निधीतून दिले, अधूनमधून फेरतपासणी ठेवली. खोटे अहवाल एकदम खाली आले, आणि विशेष म्हणजे कारखान्यांनी धूरही कमी केला. कायदा तोच होता. मोजणारा माणूस तेवढा मोकळा झाला होता.

महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. 2010 च्या सुमारास केंद्राने उत्सर्जन व्यापाराचे प्रयोग करायचं ठरवलं तेव्हा गुजरात आणि तामिळनाडूबरोबर आपल्या राज्याचंही नाव होतं. जून 2017 मध्ये आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना धुराच्या मोजणीवरून एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, आणि ते तारे लोकांसमोर मांडले. हे चांगलं पाऊल होतं. पण तारा कमी झाला म्हणून कुणाच्या खिशाला झळ लागत नाही. तारे देणाऱ्या राज्याने बाजारापर्यंत जायला हवं, आणि त्यात वीज केंद्रं पहिल्या रांगेत हवीत. धुराडी मोजकी, मालक मोजके, यंत्रं बसलेली. सुरतेच्या शेकडो लहान बॉयलरपेक्षा हे काम सोपं आहे.

एक धोका मात्र आधीच सांगितला पाहिजे. बाजार एकूण धूर बघतो, तो कुठे पडतो ते बघत नाही. जुन्या केंद्राने परवाने विकत घेऊन धूर चालू ठेवला तर राज्याचा आकडा सुधारेल आणि चंद्रपूरच्या पोराचा दमा तसाच राहील. अमेरिकेतही हा आक्षेप घेतला गेला. म्हणून प्रत्येक केंद्राची स्थानिक मर्यादा वेगळी आणि पक्की असली पाहिजे. कितीही परवाने विकत घेतले तरी ती ओलांडता येऊ नये. याशिवाय आणलेला बाजार मला मान्य नाही.

आता आपल्या भागाकडे येतो. कुडपणहून घाट उतरून पोलादपूर गाठलं की महाड काही दूर नाही. तिथे रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे आणि मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालयही आहे. धुराड्यावरच्या मीटरचा न्याय सावित्री नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यालाही तसाच लागू आहे. आकडे कारखान्याने नेमलेल्या माणसाचे की स्वतंत्र तपासणाऱ्याचे, यंत्र बंद होतं ते तास कुठे लिहिले, मर्यादा मोडली तेव्हा काय कारवाई झाली, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने 2005 पासून दिला आहे. अर्जाची फी 10 रुपये आहे. ऐकणाऱ्यांमध्ये शिक्षक असतील, ग्रामपंचायतीचे सदस्य असतील, महाविद्यालयात शिकणारी मुलं असतील. माझी त्यांना विनंती आहे, की असा एक अर्ज करा, आलेलं उत्तर ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, आणि उत्तर अपुरं असेल तर अपील करा.