निमित्त मोत्याचे

(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



गोवऱ्यांच्या आहारात रोडगे भाजायला घातले की घरातली माणसे न बोलावता चुलीपाशी जमतात. राख झटकावी, रोडगा फोडावा, वर तूप सोडावे, की जेवण झाले! शेवटचा रोडगा मात्र कुत्र्याचा. नामदेवमहाराज तर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते. मग आपण हात का आखडावा?

आमच्या मोत्याला रोज सकाळी फिरवून आणणे माझ्याकडे आहे. बाई रिकाम्या हाताने चालली की वाटेत चारजणी विचारतात, "काय हो, कुठे निघालात?" हातात मोत्याची साखळी असली की कोणी विचारीत नाही. बाईमाणसाला नुसते चालायलाही निमित्त लागते!

या निमित्तानेच आपले बीड मला दिसले. कुंडाच्या मधोमध उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ घ्या. मोत्या काठावर बसतो, मी दगडातले कोरीवकाम न्याहाळते. गावाबाहेरची खजाना विहीर सलाबतखानाने १५८२ साली बांधविली असे सांगतात. तिचे पाणी जमिनीखालच्या नहरांतून, मोट न लावता, नुसत्या उताराने शेतमळ्यांकडे जाई. केवढी ही हुशारी!

हे सारे आपल्या लेकीसुनांनी पाहू नये काय? येत्या रविवारी रोडगे बांधून घेऊ आणि साऱ्याजणी कंकालेश्वराला चालत जाऊ. कोणी विचारलेच, तर सांगू, "आमचे गाव बघायला निघालो." निमित्त म्हणून तेवढे पुरे आहे.