कॅसेट आधीपासूनच डिजिटल आहे



सोनी, पॅनासॉनिक, जेव्हीसी आदी कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या डीव्ही पद्धतीचे कॅमेरे १९९५ साली बाजारात आले. पुढच्या पंधरा वर्षांत आपल्याकडची असंख्य लग्नं, मुंजी, गॅदरिंगं, मोर्चे आणि व्याख्यानं जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांबीच्या मिनी डीव्ही कॅसेटवर उतरली. ही केवळ हौशी लोकांची वस्तू होती असं समजू नका. थॉमस विंटरबर्गचा ‘फेस्टेन’ (१९९८) याच कॅसेटवर चित्रित झाला, आणि डॅनी बॉइलच्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’चा (२००२) बराच मोठा भागही. त्या काळाचा पुरावा आज कपाटांत आणि माळ्यांवर पडून आहे. तो कसा ओळखायचा आणि कसा वाचवायचा, हे सांगायला मी इथे उभा आहे.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो, ‘आमच्या कॅसेट डिजिटल करून कुठे मिळतील?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. मिनी डीव्ही कॅसेट आधीपासूनच डिजिटल असते. व्हीएचएसच्या फितीवर चित्र लहरींच्या रूपात असतं, इथे ते आकड्यांच्या रूपात आहे. ते आकडे जसेच्या तसे संगणकात उतरवून घेणं एवढंच आपलं काम. पण बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर कॅसेट कॅमेऱ्यात घालून पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी चित्र डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये घेतात. आकड्यांच्या लहरी होतात, लहरींचे पुन्हा आकडे होतात, आणि डीव्हीडीवर मावावं म्हणून ते दाबून बसवले जातात. घरचे लोक डीव्हीडी घेऊन समाधानाने जातात आणि कॅसेट भंगारात देतात. ही गोष्ट मला फार लागते, कारण नेमकी मूळ वस्तूच त्यात जाते.

काय जातं ते सांगतो. या फितीवर चित्र आणि आवाज यांच्याबरोबर प्रत्येक चौकटीशी चित्रणाची तारीख आणि वेळही नोंदलेली असते. पडद्यावर ती दिसत नाही, पण आकड्यांत असते. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असेल, तर अमुक आजी अंगणात बोलत होत्या ती दुपार मिनिटासकट कळते. डीव्हीडी करताना ही नोंद गळून पडते. आवाजाचंही तसंच. काही कॅमेऱ्यांत बारा बिटांच्या पद्धतीने चार मार्गांवर आवाज घेता येई. निष्काळजीपणे उतरवलं तर त्यातले दोन मार्ग कोणाच्या लक्षातही न येता राहून जातात.

आता ओळखण्याचं बघू. कॅसेटचा आकार अर्धीच गोष्ट सांगतो. फितीची रुंदी ६.३५ मिलिमीटर असेल, तर ती डीव्ही घराण्यातली, इतकंच कळतं. त्याच लहान कॅसेटवर साधं डीव्ही असेल, एलपी, म्हणजे फीत संथ चालवण्याची सोय, लावून ६० ऐवजी ९० मिनिटं भरलेली असतील, सोनीचं व्यावसायिक डीव्हीकॅम असेल, नाहीतर २००३ नंतरचं, हाय डेफिनिशन चित्राचं एचडीव्ही असेल. डीव्हीकॅममध्ये फीत जास्त वेगाने पळते, म्हणून ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये ४० मिनिटंच मावतात. एचडीव्हीची कॅसेट जुन्या डीव्ही कॅमेऱ्यात घातली तर चित्र येत नाही, आणि माणूस ती कोरी समजून बाजूला टाकतो. कोरी म्हणण्याआधी दुसऱ्या यंत्रात घालून बघा. आठ मिलिमीटरच्या कॅसेटचाही असाच घोटाळा होतो. व्हिडिओ-८ आणि हाय-८ यांत चित्र लहरींचं. १९९९ च्या डिजिटल-८ मध्ये मात्र तशाच कॅसेटवर आकडे. बाहेरून तिन्ही सारख्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट बहुधा एनटीएससी पद्धतीच्या असतात आणि आपल्या पाल पद्धतीच्या कॅमेऱ्यात नीट चालत नाहीत. म्हणून लेबलवर जे काही लिहिलं असेल, अगदी पुसट पेन्सिलीतलंसुद्धा, त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

फितीवरच्या नोंदीच्या तिरक्या रेघा फक्त १० मायक्रॉन रुंद असतात, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या ड्रमवरची हेड्स पाल पद्धतीत सेकंदाला अशा ३०० रेघा वाचतात. इतक्या बारीक कामात धूळ आणि दमट हवा हे मोठे शत्रू. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसू लागते. तशी कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे न्या. बाकीच्या कॅसेट कोरड्या, थंड जागी, लाउडस्पीकरपासून दूर, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पाठीवरची छोटी खिट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे चुकून वरून काही मुद्रित होणार नाही.

कॅसेट संगणकात उतरवण्यासाठी लागते फायरवायर नावाची जोडणी. सोनीच्या कॅमेऱ्यावर तिला आय-लिंक म्हणतात. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक असतं म्हणून लोक त्यातून प्रयत्न करतात. बहुतेक जुन्या मॉडेलांत ते कार्डावरचे फोटो काढण्यापुरतं किंवा हलक्या प्रतीच्या चित्रापुरतं असतं. नव्या संगणकांत फायरवायर येत नाही, म्हणून एखादा जुना चालू संगणक जपून ठेवावा. केबल जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद असू द्या, कारण चालू असताना जोडल्याने हे पोर्ट जळू शकतात. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. एचडीव्ही उतरवताना मेनूतलं डीव्हीत रूपांतर करण्याचं बटण बंद आहे ना, ते पाहा.

चित्रात चौकोन-चौकोन दिसले तर घाबरू नका, पण तसेच पुढेही जाऊ नका. एखादा तुकडा वाचता आला नाही, की यंत्र आधीच्या चौकटीतला तुकडा तिथे चिकटवतं. कुठे आणि किती चिकटवलं याची खूण आकड्यांत राहते. डीव्हीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर ती खूण वाचतं, आणि एकच कॅसेट दोन-तीनदा उतरवली तर प्रत्येक वेळच्या चांगल्या चौकटी वेचून एक प्रत बनवतं. डीव्हीडी करणाऱ्या दुकानात ही सोय कुठून असणार?

एका तासाच्या चित्रणाची फाइल साधारण १३ जीबीची होते. एक टीबीच्या डिस्कवर सत्तरहून अधिक तास मावतात, तेव्हा दाबून लहान करण्याची गरज आता उरलेली नाही. मोबाइलवर पाठवायला छोटी प्रत वेगळी करा. मूळ फाइलच्या मात्र निदान तीन प्रती ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असू द्या. २६ जुलै २००५ च्या पुरात एकाच घरात ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय फिती वाचवण्यासाठी २०२५ ही मुदत धरली होती. फिती त्यानंतरही काही काळ टिकतील, पण त्या वाचणारी यंत्रं बनणं थांबलं आहे, आणि हेड बदलून देणारे कारागीर दरवर्षी कमी होताहेत. तेव्हा क्रम लावताना सर्वांत जुनी कॅसेट आधी, असं न करता, जिची दुसरी प्रत कुठेच नाही ती आधी घ्या. लग्नाची संपादित कॅसेट दोन्ही घरी असते. एखाद्या गावातल्या लोककलावंताची तासभराची मुलाखत मात्र एकाच कॅसेटवर असते, आणि ती कॅसेट बहुधा ज्याने चित्रण केलं त्याच्याकडे असते. त्याला आज संध्याकाळी फोन करा.