तणाचे औषध आणि आपली डाळ



आपल्याकडे म्हण आहे, तण खाई धन. पाणी, खत आणि ऊन या तिन्हींत तण पिकाचे वाटेकरी होते. तुरीचे रोप पहिले दीड-दोन महिने सावकाश वाढते. तेवढ्यात केना, कुंजरू डोके वर काढतात. हरभऱ्याचेही तसेच. सुरुवातीला रान स्वच्छ राहिले, तरच घरात डाळ येते.

आता निंदायला बाया वेळेवर मिळत नाहीत. मजुरीही वाढली आहे. म्हणून आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "तणाचं औषध द्या." मंडळी, इथेच घात होतो. सगळ्या पिकांना चालेल असे तणाचे एकच औषध नसते.

हरभऱ्याचा दाणा भरडला, की त्याची दोन दले होतात. म्हणून त्याला द्विदल म्हणतात. तूर, मूग, उडीद ही सारी द्विदल पिके. गहू आणि ज्वारी एकदल. त्यांची पाने गवतासारखी लांब. टू-फोर-डी हे औषध गव्हात, ज्वारीत, उसात वापरतात. ते रुंद पानांचे द्विदल तण मारते आणि गव्हाला राखते. पण आपला हरभरा त्या तणाच्याच कुळातला! हे तण आणि हा हरभरा, हे औषधाला कसं कळणार? ते दोघांनाही मारते. ग्लायफोसेट तर हिरवे दिसेल ते जाळते. ही दोन्ही औषधे डाळीच्या उभ्या पिकावर मारू नका.

पंपाचेही तेच. गव्हावर टू-फोर-डी मारले आणि तोच पंप न धुता तुरीवर नेला, तर तळाशी राहिलेले औषधही शेंडे वाकडे करते. त्या औषधाला पंप वेगळाच ठेवा. वारा सुटला असेल तर फवारू नका. शेजाऱ्याची तूर जाईल आणि बांधावर भांडण उभे राहील.

मग हरभऱ्याला काय चालते? पेंडीमेथालिन, 30 टक्क्यांचे. पेरणी झाल्यावर दोन दिवसांच्या आत, उगवण होण्यापूर्वी, ओल्या जमिनीवर फवारावे. एकरी साधारण 1 लिटर औषध 200 लिटर पाण्यात. हिशेब सोपा आहे. 20 लिटरचा पंप असेल तर एकरी 10 पंप, आणि पंपाला 100 मिलिलिटर औषध. मागे मागे सरकत फवारा, म्हणजे फवारलेली जमीन पायाखाली येत नाही. हे औषध उगवणारे तण मारते. उगवलेल्या तणावर ते वाया जाते. हरळी, लव्हाळा त्याने मरत नाहीत. ते मुळासकट, गाठीसकट खणूनच काढावे लागतात.

तेव्हा औषध मारले म्हणून कोळपे अडगळीत टाकू नका. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी एक कोळपणी आणि पुढे एक खुरपणी द्या. माती मोकळी होते, ओलही टिकते.

आता जिवाची गोष्ट. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना अनेक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. ते औषध किडीचे होते, पण तणाचे औषधही विषच आहे. पॅराक्वाट पोटात गेले, तर त्यावर उतारा नाही. हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा. फवारताना विडी-तंबाखू नको. औषध सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. घरात लेकरं असतात, त्यांना काय ठाऊक?

डब्यावर एक चौकोन असतो. त्यात खाली रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. मग पिवळा, मग निळा. हिरवा सर्वांत सौम्य, पण तोही विषच.

बाया-बापड्यांनो, कालपर्यंत दुकानदार सांगेल ते आपल्याला खरे मानावे लागत होते. आता तुम्हाला अक्षर येते. डबा हातात घ्या. पिकाचे नाव वाचा, माप वाचा, मुदतीची तारीख वाचा. आपल्या पिकाचे नाव त्यावर नसेल, तर डबा परत द्या आणि कृषी सहायकाला विचारा. अडलेला शब्द शेजाऱ्याला विचारण्यात लाज नाही. न वाचता फवारण्यात मात्र मोठे नुकसान आहे.