एका शेऱ्याचे प्रायश्चित्त
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यापुढे दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आम्ही इटलीतील सिएना या नगराचा विषय सुचविला. त्या दूरच्या डोंगरी गावाचा आपल्या स्नेहसंमेलनाशी संबंध काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात आली असेल. संबंध आहे, आणि तो आमच्या हातून घडलेल्या एका चुकीतून आलेला आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या समितीवर होतो. त्या वर्षी ज्ञातीतील एका मुलीचा अर्ज आला. उन्हाळ्यात एक महिना इटलीत राहून तेथील भाषा व संस्कृती यांचा अभ्यास करावा, अशी तिची इच्छा होती. अभियांत्रिकी व वैद्यकीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात तो अर्ज वेगळाच दिसत होता. त्यावर आम्ही तांबड्या शाईने शेरा मारला, "उपयोग काय?" अर्ज नामंजूर झाला. कोणी हरकत घेतली नाही आणि आमच्या मनासही काही लागून राहिले नाही.

पुढे आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त मिलान येथे स्थायिक झाले. आम्ही त्यांच्याकडे गेलो, तो आमचा सहा वर्षांचा नातू आपल्या मित्रांना आमची ओळख करून देताना काय बोलतो, हे आम्हांस कळेना. मुले हसत, आम्हीही हसत असू. कशाला हसतो आहोत हे मात्र ठाऊक नसे. सूनबाईंनी ते ओळखले आणि परस्पर आमचे नाव सिएना येथील चार आठवड्यांच्या वर्गात घालून टाकले. अशा रीतीने, जे शिक्षण आम्ही एका मुलीस नाकारले होते, तेच वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आमच्या पदरी आले.

परक्यांना आपली भाषा शिकविण्याची सिएनाची परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील विद्यापीठात जर्मन विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी तोस्काना प्रांताच्या भाषेचे अध्यासन निर्माण झाले. आधुनिक काळातील वर्ग १९१७ साली सुरू झाले आणि १९९२ साली त्यांना स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशीच दुसरी नामांकित संस्था पेरुजा येथे आहे; तेथील वर्ग १९२१ सालचे. युरोपात परभाषेच्या ज्ञानाच्या 'ए-वन' पासून 'सी-टू' पर्यंत सहा पायऱ्या मानतात. पहिल्या दिवशी परीक्षा घेऊन प्रत्येकास त्याच्या पायरीवर बसवितात.

आम्ही अर्थातच सर्वांत खालच्या पायरीवर बसलो. चौतीस वर्षे मराठी व संस्कृत शिकविलेला मनुष्य बाकावर बसून "माझे नाव अमुक, मी भारतातून आलो" एवढे वाक्य जुळविताना घामाघूम झाला! शेजारी एक जपानी गायिका होती. ऑपेरातील शब्दांचा अर्थ कळल्याखेरीज ते गाणार नाही, असा तिचा निश्चय होता. अर्जेंटिनातून आलेल्या एका तरुणास आपल्या पणजीची भाषा हवी होती. एका जर्मन परिचारिकेस केवळ आवड होती. "उपयोग काय?" असे तेथे कोणी कोणास विचारले नाही.

सकाळी वर्ग आणि दुपारी नगरदर्शन असा क्रम असे. व्याकरणात आम्हांस अनपेक्षित साहाय्य मिळाले, ते आमच्या मायबोलीचे. इटालियनमध्ये 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. इंग्रजी बोलणाऱ्या सोबत्यांच्या कानास हा भेद लागेना. 'पता' आणि 'पत्ता' यांत वाढलेल्या आम्हांस तो सहज लागला. आपण 'भात खाल्ला' आणि 'भाकरी खाल्ली' असे म्हणतो. क्रियापद खाणाऱ्याकडे न पाहता खाल्लेल्या पदार्थाकडे पाहते. त्या भाषेतही कर्माचे सर्वनाम आधी आले की असेच घडते; पदार्थ पुल्लिंगी असेल तर 'मान्जातो', स्त्रीलिंगी असेल तर 'मान्जाता'. बाईंनी हा नियम फळ्यावर तीनदा समजावला. आमच्या लेखी तो आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातला होता. आदरार्थी संबोधनाने मात्र आमची फटफजिती केली. समोर पुरुष असो वा स्त्री, आदराने बोलताना 'लेई' म्हणावयाचे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'ती' असा आहे. प्रवेशद्वारावरील दाढीवाल्या रखवालदारास 'ती' म्हणण्याचा धीर येण्यास आम्हांस आठवडा लागला.

वर्गाबाहेर पडलो की निराळेच शिक्षण सुरू होई. तोस्कानातील पाव अळणी असतो; पहिल्या दिवशी मीठ विसरले असे वाटून आम्ही खाणावळीच्या मालकिणीस सुचविले, तेव्हा ती मनसोक्त हसली. त्याच शिळ्या पावाचे, पावटे व काळपट कोबी घालून, पुन्हा उकळलेले 'रिबोल्लिता' नावाचे सार करतात. आपल्याकडील कुस्कऱ्याची गरीब घरची हुशारी त्यात आहे. तेथील लोक दोन स्वरांमधल्या 'क'चा 'ह' करतात. 'ला कासा', म्हणजे घर, हे त्यांच्या तोंडी 'ला हासा' होते. आमच्यातील मास्तराने ते ऐकताच मनातल्या मनात तांबडी शाई उचलली. तेव्हा बाईंनी एक इतिहास सांगितला.

सिएनाची संत कातेरिना (१३४७–१३८०) ही एका रंगाऱ्याची मुलगी. तिने पोप व राजे यांना पत्रे लिहविली, ती आपल्या गावच्या बोलीत. पुढे फ्लोरेन्सच्या विद्वानांनी शुद्ध भाषेचा कोश रचला आणि आपल्याच नगरीच्या भाषेस प्रमाण मानले. तेव्हा सिएनाच्या जिरोलामो जिली या पंडिताने कातेरिनेच्या शब्दांचा कोश रचून गावच्या बोलीची बाजू मांडली आणि फ्लोरेन्सच्या विद्वानांची यथेच्छ टर उडविली. १७१७ साली तो कोश फ्लोरेन्समध्ये जाहीरपणे जाळण्यात आला. आज सिएनाचे लोक प्रमाण भाषा उत्तम बोलतात, आणि घराला 'हासा'ही म्हणतात.

ती हकीकत ऐकून आम्ही त्या रात्री बराच वेळ जागे होतो. आमच्या मातोश्री घरात जी बोली बोलत, ती 'अशुद्ध' म्हणून आम्ही आयुष्यभर मुलांच्या तोंडून पुसून काढली. परकी भाषा शिकावयास गेलो आणि आपली हरवलेली बोली आठवली.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. सिएना नगराचे सतरा विभाग आहेत. त्यांस 'कोंत्रादा' म्हणतात. त्यांच्या सीमा १७२९ साली ठरल्या, त्या आजही तशाच आहेत. हंस, लांडगी, गोगलगाय, कासव अशी त्यांची चिन्हे. प्रत्येकीचे प्रार्थनामंदिर, संग्रहालय व सभागृह स्वतंत्र, आणि मूल जन्मले की कोंत्रादाच्या कारंज्यावर त्याचा निराळा संस्कार होतो. अडीअडचणीस सर्वांनी धावून जावयाचे, ही रीत. २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशी मुख्य चौकात दहा कोंत्रादांचे घोडे तीन फेऱ्या धावतात. स्वार खोगिरावाचून बसतात, आणि स्वार पडला तरी घोडा पुढे आला तर तोच विजयी. या शर्यतीस 'पालिओ' म्हणतात. शर्यतीच्या आदल्या रात्री रस्त्यात लांबच लांब मेजे मांडून सहभोजन होते.

ती आदली रात्र म्हणजे १५ ऑगस्टची, आपल्या स्वातंत्र्यदिनाची. आमच्या घरमालकीणबाईंनी आम्हांस आपल्या कोंत्रादाच्या पंगतीस नेले. शेजारी ऐंशीच्या घरातील एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "तुमची कोंत्रादा कोणती?" आम्ही मोठ्या हौसेने आपल्या ज्ञातीविषयी सांगू लागलो. आमचे सभागृह आहे, वार्षिक भोजन आहे, मुलांना साहाय्य आहे. आजी माना डोलावीत होत्या. मग त्यांनी सहज विचारले, "आणि आज तुम्ही आमच्या पंगतीत बसलात, तसा बाहेरचा माणूस तुमच्या पंगतीत बसतो ना?"

बंधूंनो, मराठीत हा प्रश्न आला असता तर आम्ही अर्धा तास बोललो असतो. परंपरा, परिस्थिती, सामाजिक स्थित्यंतर असे भारदस्त शब्द एकामागून एक आले असते. इटालियनमध्ये आमच्यापाशी त्या वेळी फार तर तीनशे शब्द होते, आणि त्यांत लपण्यास जागा नव्हती. 'होय' आणि 'नाही' एवढेच हाताशी होते. आम्ही 'नाही' म्हणालो. आजींनी काही न बोलता आमच्या ताटात पावाचा तुकडा ठेवला.

कोंत्रादा व जात एकच, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कोंत्रादाने कोणाचा विवाह अडविला जात नाही, व्यवसाय ठरत नाही, पाण्यास विटाळ होत नाही. हंसाची मुलगी लांडगीच्या घरी नांदते, आणि पालिओच्या दिवसांपुरती आपल्या माहेरच्या झेंड्याखाली उभी राहते. जन्माने लाभलेला आपलेपणा दार लावून न घेताही टिकतो, एवढे आम्ही तेथे डोळ्यांनी पाहिले.

तेव्हा, उपयोग काय? एका महिन्यात कोणी भाषापंडित होत नाही. आम्ही दुसऱ्या पायरीच्या उंबरठ्याशी पोचलो. संगीत, शिल्प, चित्रांचे जतन, यंत्रविद्या अशा क्षेत्रांत जाणाऱ्यास ही भाषा उपयोगी पडेल, हे खरेच. पण त्याहून मोठे असे की, परभाषेत मनुष्य पुन्हा मूल होतो आणि त्यास खरे बोलावे लागते. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. त्यांच्या शिकण्याचा लाभ आपल्या भाषेस झाला. "उपयोग काय?" असा शेरा तेव्हा कोणी मारला नाही, हे आपले भाग्य.

आमच्या दोन सूचना आहेत. निधीतून दरवर्षी एक साहाय्य परभाषेच्या अभ्यासासाठी राखून ठेवावे. ज्यास ते मिळेल त्याने परत आल्यावर याच सभागृहात ती भाषा विनामूल्य शिकवावी. आणि त्या वर्गास, तसेच पुढील वर्षीच्या या पंगतीस, ज्ञातीबाहेरच्यांनाही आमंत्रण असावे. पहिल्या वर्षाच्या साहाय्याची रक्कम आम्ही देत आहोत.

ती मुलगी पुढे नोकरी करून, स्वतःच्या पैशाने इटलीस जाऊन आली. आमच्या विनंतीस मान देऊन ती आज येथे उपस्थित आहे. वयाने ती आमच्या नातीसारखी आहे. तरीही, बाई, आम्ही आपणांस आदरार्थी 'लेई' म्हणून, आपण आमच्याआधी शिकलेल्या भाषेत, सर्वांसमक्ष क्षमा मागतो. मी स्कूझी.