झाडाची फांदी आणि बोलणाऱ्या गाड्या

आजच्या एपिसोडची सुरुवात एका फांदीपासून.

गेल्या पावसाळ्यात मी आणि बाबा जुन्या मुंबई-पुणे हायवेने खोपोलीहून घाट चढत होतो. गाडी मी चालवत होते. धुकं इतकं, की समोरचं जेमतेम पंधरा-वीस मीटर दिसत होतं. रस्त्यात एक फांदी पडलेली दिसली. मला वाटलं, वाऱ्याने पडली असेल, बाजूने काढू. बाबा ओरडले, "अगं, फांदी आहे, ब्रेक मार!" मी ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा बॉनेटपुढे चार-पाच हातांवर एक बंद पडलेला ट्रक उभा होता. मागचा एकही दिवा चालू नाही.

ड्रायव्हरने मागे फांदी टाकून ठेवली होती, बास. बाबांना तिचा अर्थ माहीत होता. मी पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करते, बीटेक आहे, आणि मला तो कळला नाही!

घरी येऊन हिशोब केला. ताशी 40 किलोमीटरने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे साधारण 17 मीटर गेले. मग ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी दहा-बारा. एकूण जवळपास 30 मीटर. आणि दिसत होतं वीस. म्हणजे ट्रक दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नव्हता. ट्रक दिसायच्या आधी कळायला हवं होतं. ते काम फांदीने केलं.

कनेक्टेड व्हेइकल म्हणजे नेमकं हेच. प्रत्येक गाडी रेडिओवरून सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा मेसेज सोडते: मी इथे आहे, माझा वेग एवढा, दिशा ही, ब्रेक दाबलाय. साधारण 300 मीटरच्या टप्प्यातल्या गाड्या तो ऐकतात. मध्ये टॉवर नाही, सर्व्हर नाही, थेट गाडी ते गाडी. कॅमेऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही. रेडिओ बऱ्याचदा तिथूनही पोचतो.

तुम्ही म्हणाल, मॅपवर लाल रेघ दिसतेच की! दिसते, पण ती खूप फोनचा वेग गोळा करून बनते, तेही ट्रॅफिक तुंबल्यावर. तीस मीटरवरचा एकटा ट्रक त्यात सापडेलच असं नाही.

आता ट्रॅफिकचं बघा. जपानमध्ये संशोधकांनी 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या चालवल्या. 2008 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी थोड्या वेळात जॅम! एकाने किंचित ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. पुढे चार गाड्यांवर काय चाललंय हे आधी कळलं असतं, तर पाय नुसता ॲक्सिलरेटरवरून उचलून भागलं असतं.

मग हे सगळीकडे का नाही? अमेरिकेत 1999 मध्येच यासाठी रेडिओ बँड राखून ठेवला होता. 2016 मध्ये नव्या गाड्यांना सक्ती करायचा प्रस्ताव आला, पण नियम झाला नाही. 2020 मध्ये त्या बँडचा मोठा भाग वायफायला द्यायचं ठरलं. खरी अडचण साधी आहे: गावात एकट्याकडेच फोन असेल तर तो कुणाला लावणार? पहिल्या गिऱ्हाइकाला पैसे मोजूनही काही मिळत नाही.

म्हणून माझं मत सांगते. सुरुवात महागड्या कारपासून नको, ट्रक आणि बसपासून करा. आपल्याकडे 2019 पासून नव्या प्रवासी वाहनांत, म्हणजे बस-टॅक्सीत, लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण लावायचा नियम आहे. पण तो ट्रॅकर दूरच्या सर्व्हरशी बोलतो, मागून येणाऱ्या गाडीशी नाही. तो मागच्या गाडीशीही बोलायला हवा. आणि तो मेसेज टू-व्हीलरवाल्यापर्यंतही पोचला पाहिजे. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली. त्यात शंभरातली चव्वेचाळीसच्या आसपास दुचाकीवरची होती. त्यांना वगळून सुरक्षितता कसली?

तोवर काय करायचं? गाडी बंद पडली तर हझार्ड लाइट लावा, रिफ्लेक्टरचा त्रिकोण बराच मागे ठेवा. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात त्याहून जास्त.

आणि घाटात फांदी दिसली तर बाजूने काढायच्या आधी वेग कमी करा. कुणीतरी तुम्हाला मेसेज पाठवलाय.

तुम्हाला असा मेसेज कधी मिळालाय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सावकाश जा!